डॉकस्ट्रिंगची हजेरी: पायथन प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन पूर्ण कसं ठेवायचं

नव्या टीममध्ये पहिल्या आठवड्यात एक प्रसंग हमखास येतो. कोणीतरी सांगतं, "ते व्याजाचं फंक्शन आहे ना, तेच वापर." आपण फाइल उघडतो. फंक्शन सापडतं, तीन पॅरामीटर दिसतात, खाली बारा ओळींचं गणित असतं आणि वर अक्षरही नसतं. दर २१ असा द्यायचा की ०.२१? महिने द्यायचे की दिवस? ज्याने लिहिलं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

एका जुन्या नोकरीत मी ०.२१ दिला होता. हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या थकबाकीवर व्याज लावायचं काम होतं. बारा हजारांच्या थकबाकीवर महिन्याला २१० रुपये व्याज यायला हवं होतं, आलं दोन रुपये दहा पैसे. बिलं वाटून झाल्यावर एका खजिनदारांचा फोन आला, "अहो, एवढी दयाळू आमची सोसायटी नाही." चूक माझीच होती, पण एका ओळीच्या डॉकस्ट्रिंगने, म्हणजे फंक्शनमध्येच लिहिलेल्या वर्णनाने, ती टळली असती.

अशा रिकाम्या जागा शोधणारी, त्या वाढू न देणारी साधनं कशी बसवायची, ते या लेखात आहे. उदाहरण पायथनचं घेतलं आहे. शेवटाकडे सी++, जावा आणि रस्टवाल्यांसाठीही थोडं आहे. आज्ञा, सेटिंगची नावं आणि नियमांचे क्रमांक इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे.

आधी डॉकस्ट्रिंग कशाला म्हणायचं ते

मोड्यूल (म्हणजे एक पायथन फाइल), क्लास, फंक्शन किंवा मेथड यांच्या आत सगळ्यात पहिलं विधान म्हणून लिहिलेली साधी स्ट्रिंग म्हणजे डॉकस्ट्रिंग. ती कशी लिहावी याचे संकेत डेव्हिड गुडजर आणि गुइडो व्हॅन रॉसम यांनी २००१ साली पेप २५७ या दस्तऐवजात मांडले: तीन दुहेरी अवतरणचिन्हं, पहिल्या ओळीत सारांश, गरज असेल तर एक ओळ मोकळी सोडून तपशील. पायथनच्या शेलमध्ये हेल्प म्हटल्यावर जे दिसतं ते हेच.

"सगळ्यात पहिलं विधान" हे शब्द मात्र नीट वाचा, कारण नवख्यांचे निम्मे घोटाळे इथेच होतात. हॅशने सुरू होणारी कमेंट म्हणजे डॉकस्ट्रिंग नव्हे, मग ती कितीही सुंदर असो. फाइलच्या डोक्यावर आधी इम्पोर्ट आणि मग वर्णन लिहिलंत, तर ते वर्णन पायथनच्या लेखी एक बेवारस स्ट्रिंग आहे. वर लायसन्सची कमेंट असली तर चालते, कारण कमेंट हे विधान नसतं. एफ-स्ट्रिंग तर डॉकस्ट्रिंग म्हणून धरलीच जात नाही. "अहो, लिहिलंय की, तरी टूल नाही म्हणतंय," अशी तक्रार आली की मी आधी या तीन गोष्टी पाहतो.

मराठीत लिहिली तर चालते का, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. खुशाल लिहा. पायथन ३ मध्ये सोर्स फाइल मुळातच यूटीएफ-८ धरली जाते. फंक्शनचं नावसुद्धा देवनागरीत ठेवता येतं, फक्त कोडमधले आकडे इंग्रजी लागतात. एक गंमत सांगतो. पहिली ओळ विरामचिन्हाने संपते का, हे पाहणारे नियम असतात. ते आपला टिंबाचा पूर्णविराम ओळखतात, पण हिंदीतला उभा दंड त्यांना कळत नाही. टीम बहुभाषिक असेल तर इंग्रजीच सोयीची पडते. पण तालुक्याच्या कॉलेजातला प्रकल्प असेल आणि वाचणारे सगळे मराठी असतील, तर तोडक्यामोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी.

पहिली पायरी: हजेरी घ्या

इंटरोगेट नावाचं छोटं टूल आहे, लिन रूट यांनी लिहिलेलं. ते कोड चालवत नाही, फक्त त्याची रचना वाचतं. त्यामुळे डेटाबेस जोडलेला नसला, पासवर्ड नसले तरी काही अडत नाही. प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये "पिप इन्स्टॉल इंटरोगेट" करा आणि कोडच्या फोल्डरवर "इंटरोगेट -व्ही" चालवा. फाइलवार तक्ता येतो: एकूण किती, किती राहिले, किती झाले, टक्के किती. "-व्हीव्ही" दिलंत तर प्रत्येक फंक्शनचं नाव घेऊन सांगतं.

टक्केवारी कशी निघते ते एकदा हाताने करून पाहा, म्हणजे आकड्याची भीती जाईल. समजा एक फाइल आहे. तिच्यात एक क्लास, त्याची इनिट मेथड (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी), आणखी दोन मेथड आणि बाहेर दोन फंक्शन. मोजताना फाइल स्वतःही धरली जाते, म्हणजे एकूण सात जागा. डॉकस्ट्रिंग दोनच ठिकाणी असतील तर २८.६ टक्के. आता इनिट मेथड मोजू नकोस असं सांगितलं की जागा सहा उरतात आणि आकडा ३३.३ होतो. कोडमध्ये एक अक्षरही न बदलता जवळपास पाच टक्के वाढले! म्हणून दोन प्रकल्पांच्या आकड्यांची तुलना करू नका, आणि साहेबांनाही करू देऊ नका.

दुसरी पायरी: कोणाची हजेरी घ्यायची ते ठरवा

या पायरीवर घाई करू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथेच लागतो, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

सेटिंग "पायप्रोजेक्ट.टॉमल" या फाइलमध्ये, "टूल.इंटरोगेट" या विभागात लिहायचं. सुरुवातीला टेस्टचं फोल्डर वगळा. टेस्टचं नावच पुरेसं बोलकं असावं, तिथे डॉकस्ट्रिंगची सक्ती केली की लोक नावच पुन्हा वाक्यात लिहितात. जँगो वापरत असाल तर मायग्रेशनही वगळा, त्या फाइली यंत्राने तयार केलेल्या असतात.

मग इनिट मेथड. बहुतेक टीम क्लास कसा बनवायचा हे क्लासच्याच डॉकस्ट्रिंगमध्ये लिहितात. तुमचीही तीच पद्धत असेल तर "इग्नोर-इनिट-मेथड" चालू करा. नाहीतर एकच गोष्ट दोनदा लिहावी लागेल, आणि सहा महिन्यांनी त्या दोन जागा दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. जादूई मेथडचंही, म्हणजे नावाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन अंडरस्कोर असणाऱ्यांचंही, तसंच. बेरीज करणारी मेथड बेरीज करते हे कोणाला सांगायचं?

अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या खासगी फंक्शनांवर मात्र भांडण होतं. इंटरोगेट ती मोजतं. मोजू नये असं वाटत असेल तर "इग्नोर-सेमीप्रायव्हेट" आणि "इग्नोर-प्रायव्हेट" सांगावं लागतं. मी नव्या टीमला ती वगळायलाच सांगतो. पहिल्या दिवशी माणसाला जे लागतं ते बाहेरून बोलावली जाणारी फंक्शनं. आतल्या खोल्यांना पाट्या नंतर लावता येतील, आधी दारावर पाटी हवी.

तिसरी पायरी: आजचा आकडा हीच खालची रेघ

"फेल-अंडर" या सेटिंगमध्ये किमान टक्केवारी द्यायची. काही दिलं नाही तर इंटरोगेट ८० धरतं. आकडा त्याखाली गेला की टूल नापासाचा शेरा देतं आणि शून्याखेरीज एक्झिट कोड परत करतं. सीआय, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा, त्यावरूनच बिल्ड अडवतं.

इथे उत्साहाच्या भरात १०० लिहू नका. जुन्या प्रकल्पात आज ३४ टक्के असतील तर ३४ लिहा. म्हणजे आजच्यापेक्षा खाली कोणी नेऊ शकणार नाही, पण कालचं कर्ज आजच फेडायची सक्तीही होणार नाही. दर पंधरा दिवसांनी आकडा पाहायचा. ३७ झाला असेल तर रेघ ३७ वर न्यायची. रेघ वर जाते, खाली येत नाही. जुन्या कोडवर एकदम १०० ची सक्ती केली की काय होतं ते मी पाहिलं आहे: एका दुपारी एका उत्साही मुलाने सगळीकडे "हे फंक्शन आहे" अशा अर्थाच्या ओळी चिकटवल्या. आकडा पूर्ण झाला, आणि त्यानंतर खरोखर रिकाम्या जागा कुठे आहेत हे शोधायची सोयही गेली. हल्ली तेच काम एआयकडून सेकंदात होतं, म्हणून धोका वाढलाच आहे. एआय कोडमध्ये दिसतं तेच वाक्यात सांगणार. दर टक्क्यांत का ठेवला हे त्याला कुठून कळणार?

चौथी पायरी: नेमकी जागा दाखवणारा लिंटर

इंटरोगेट एकूण चित्र देतं. ओळीवर बोट ठेवायला लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं टूल, लागतं; त्यासाठी रफ घ्या. पूर्वी या कामाला पायडॉकस्टाइल होतं, २०२३ मध्ये त्याचं काम थांबलं आणि त्याच्याच लेखकांनी रफकडे जा असं सांगितलं. इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांत अजून पायडॉकस्टाइल दिसेल, ते सोडून द्या. नियमांचे क्रमांक रफमध्ये तेच राहिले आहेत.

आपल्याला हवा आहे डी१ हा गट. डी१०० म्हणजे मोड्यूलला डॉकस्ट्रिंग नाही, डी१०१ क्लासला नाही, डी१०२ मेथडला, डी१०३ फंक्शनला, डी१०४ पॅकेजला, डी१०५ जादूई मेथडला, डी१०६ आतल्या क्लासला, डी१०७ इनिटला. "रफ चेक --सिलेक्ट डी१ --स्टॅटिस्टिक्स" म्हटलं की कोणत्या प्रकारच्या किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं.

इंटरोगेट खासगी फंक्शनं मोजतं हे मघाशी पाहिलं, रफ मात्र त्यांना मुळातच हात लावत नाही; म्हणून दोन्हींची सेटिंग जुळवून घ्या. इंटरोगेटमध्ये इनिट वगळली असेल तर रफमध्ये डी१०७ ही वगळा, जादूई मेथड वगळल्या असतील तर डी१०५ ही. दोन टूल दोन बाजूंना ओढू लागली की टीम दोन्ही बंद करते. टेस्टच्या फोल्डरसाठी "पर-फाइल-इग्नोर्स" वापरा.

पूर्ण डी गट चालू करायचा असेल तर "कन्व्हेन्शन" आधी ठरवा: गूगल, नमपाय किंवा पेप २५७. तसं न करता सगळेच नियम लावले तर एकमेकांच्या विरुद्ध सांगणाऱ्या नियमांच्या जोड्याही निवडल्या जातात, आणि रफ इशारा देऊन त्यांतला एक स्वतःच गाळतं. डी२०३ म्हणतो क्लासच्या डॉकस्ट्रिंगआधी एक मोकळी ओळ हवी, डी२११ म्हणतो नको. दोघांना खूश करणारी फाइल जगात नाही.

जुन्या कोडमध्ये पाचशे तक्रारी आल्या तर? "रफ चेक --ॲड-नोक्यूए" ही आज्ञा प्रत्येक जुन्या जागेवर "इथे माफी" अशी कमेंट टाकते. तेव्हापासून नवीन कोडला नियम लागू, जुना सुटला. पण ही माफी कायमची नसते. आरयूएफ१०० हा नियमही चालू करा. डॉकस्ट्रिंग लिहिल्यावर उगाच उरलेली माफीची कमेंट तो पकडतो आणि काढायला लावतो.

पाचवी पायरी: दारावर पहारा

हाताने चालवायचं टूल तिसऱ्या आठवड्यात विसरलं जातं. प्री-कमिट हे साधन बसवा आणि त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये रफ आणि इंटरोगेट दोन्हींचे हुक टाका. मग कमिट करतानाच तपासणी होते. एक खाच लक्षात ठेवा: प्री-कमिट बदललेल्या फाइलींची नावं हुकला देतं, त्यामुळे इंटरोगेटमध्ये वगळलेल्या फाइलीही तपासल्या जाऊ शकतात, आणि टक्केवारीही तेवढ्याच फाइलींची निघते. त्या हुकसाठी "पास-फाइलनेम्स" बंद ठेवा.

हुक चुकवता येतो, म्हणून हीच तपासणी सीआयमध्येही हवी. किमान आकडा सीआयच्या फाइलमध्ये वेगळा लिहू नका, पायप्रोजेक्टमधला एकच पुरे. इंटरोगेट टक्केवारीचा बॅजही बनवून देतं. लावायचा तर लावा, मी लावत नाही. बॅज लागला की लोक कोडऐवजी बॅज सुधारू लागतात.

हजेरी लागली, अभ्यासाचं काय?

आतापर्यंतची सगळी टूल वर्गात कोण आहे एवढंच मोजतात. माझ्या त्या व्याजाच्या फंक्शनवर "व्याज काढते." एवढं लिहिलेलं असतं तरी ती सगळी पास झाली असती आणि खजिनदारांचा फोन आलाच असता.

लिहिताना स्वतःला विचारा: नाव आणि पॅरामीटर वाचूनही काय कळत नाही? व्याजाच्या बाबतीत ते असं आहे: "थकबाकीवरचं सरळ व्याज रुपयांत देते. दर वार्षिक टक्क्यांत द्यायचा, म्हणजे २१, ०.२१ नव्हे. महिने पूर्ण धरले जातात. थकबाकी ऋण असेल तर व्हॅल्यू-एरर येते." एकक, गृहीत धरलेली गोष्ट आणि बिघडल्यावर काय होतं, एवढं आलं की बहुतेक डॉकस्ट्रिंग कामाची होते.

पॅरामीटर सुटलेत का हे रफचा डी४१७ पाहतो, तो गूगल पद्धतीत चालू असतो. पण तो भाबडा आहे. पॅरामीटरांचा विभागच लिहिला नाही तर तो गप्प बसतो. पॅरामीटरचं नाव बदललं आणि डॉकस्ट्रिंगमध्ये जुनं नाव तसंच उरलं, तर नवं सुटल्याचं तो सांगतो, पण जुनं उगाच उरलंय हे सांगत नाही. फंक्शनची सही (त्याच्या पॅरामीटरांची यादी) आणि डॉकस्ट्रिंग दोन्ही बाजूंनी जुळवायला पायडॉकलिंट आहे. ते एका ओळीच्या डॉकस्ट्रिंगना मुळात सूट देतं, आणि ते मला रास्त वाटतं. छोट्या फंक्शनला जाहीरनामा कशाला?

खरं-खोटं तपासायचं सगळ्यात जुनं हत्यार मात्र पायथनच्या पेटीतच आहे, ते म्हणजे डॉकटेस्ट. डॉकस्ट्रिंगमध्ये तीन बाणांच्या चिन्हापुढे उदाहरण लिहायचं, "व्याज_काढा(१२०००, २१, १)", आणि खालच्या ओळीत अपेक्षित उत्तर, "२१०.०". "पायथन -एम डॉकटेस्ट" किंवा पायटेस्टला "--डॉकटेस्ट-मोड्यूल्स" दिलं की उदाहरण खरंच चालवून उत्तर ताडलं जातं. उत्तर अक्षरशः ताडतात, त्यामुळे २१० आणि २१०.० यांत फरक केला जातो, याची सवय करून घ्या. उद्या कोणी दराचं एकक बदललं तर हे उदाहरण लाल होईल. वर्णनाची चार वाक्यं एकवेळ खोटी पडतील आणि कोणाला कळणार नाही, पण हे उदाहरण आरडाओरडा करेल.

स्फिंक्सने मॅन्युअल बनवत असाल तर आणखी एक भोक आहे. कोडमधून डॉकस्ट्रिंग उचलणारं त्याचं ऑटोडॉक डॉकस्ट्रिंग नसलेल्या गोष्टी मुकाट्याने गाळतं, आणि डॉकस्ट्रिंग असलेलं एखादं मोड्यूल मॅन्युअलमध्ये घ्यायचंच राहिलेलं असू शकतं. त्यासाठी स्फिंक्सचं स्वतःचं कव्हरेज एक्स्टेन्शन आहे. "स्फिंक्स-बिल्ड -बी कव्हरेज" चालवा, आउटपुटच्या फोल्डरमध्ये "पायथन.टीएक्सटी" या फाइलमध्ये सुटलेल्यांची यादी मिळते. हे मात्र कोड इम्पोर्ट करतं, त्यामुळे सगळ्या डिपेंडन्सी बसवलेल्या हव्यात.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी

सी आणि सी++ वाले बहुधा डॉक्सिजन वापरतात. त्यात "वॉर्न-इफ-अनडॉक्युमेंटेड" आधीपासून चालू असतं. तरी इशारा येत नसेल तर "एक्स्ट्रॅक्ट-ऑल" बघा. ते चालू असलं की हा इशारा आपोआप बंद होतो. सगळं मॅन्युअलमध्ये यावं म्हणून कोणीतरी कधीतरी ते चालू केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं टीम समजते की आपलं डॉक्युमेंटेशन पूर्ण आहे. "वॉर्न-ॲज-एरर" लावलं की सीआयही अडतं.

रस्टवाल्यांचं सुख आहे. क्रेटच्या डोक्यावर "मिसिंग-डॉक्स" हा लिंट लावला की कंपायलरच टोकतो, आणि डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं "कार्गो टेस्ट" चालवतंच. जावात जेडीके ८ पासून डॉकलिंट आहे. बिल्ड फुटतं म्हणून ते "नन" करून टाकायची सवय पडली आहे. त्याऐवजी फक्त "मिसिंग" हा गट चालू ठेवून बघा. रूबीत "यार्ड स्टॅट्स --लिस्ट-अनडॉक" पुरतं.

उरलेल्या जागा

काही महिने रेघ वर सरकवत गेलात की शेवटी दहा-वीस हट्टी फंक्शनं उरतात. त्यांच्यावर काय लिहावं कोणालाच सुचत नाही. अशा वेळी लिहायला बसू नका, आधी शोधा की ते कोण बोलावतं. फक्त त्याच फाइलमधून बोलावलं जात असेल तर नावाआधी अंडरस्कोर लावा, हजेरीपटातून नाव गेलं. एकाच वेळी तीन कामं करत असेल तर तीन फंक्शनं करा, प्रत्येकाचं वर्णन एका ओळीत होईल. आणि कोणीच बोलावत नसेल तर एक कमिट करून काढून टाका. आमच्याकडे शेवटच्या अठरापैकी सात अशीच गेली.